बावन्न सदनिकांचा कॅट

शंभूने एकच चूक केली. खेळायच्या पत्त्यांची फाइल छापखान्यात देण्याआधी त्याने ती सोसायटीच्या ग्रुपवर टाकली आणि वर लिहिलं, 'एकदा सगळ्यांनी नजरेखालून घाला, काही सुचवायचं असल्यास सांगा.' वारज्याच्या 'सुखदा' सोसायटीत आजवर कुणी कुणाला 'सुचवा' म्हटलेलं नव्हतं. तिथे न विचारताच भरपूर सुचवलं जायचं.

सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. चार मजले, प्रत्येक मजल्यावर तेरा सदनिका, एकूण बावन्न. हा हिशेब अध्यक्ष रंगरावांच्या ध्यानात आला आणि स्टीलचे डबे वाटण्याचा बेत रद्द झाला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले रंगराव रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये रमी खेळत. "प्रत्येक पत्त्यावर एका कुटुंबाचा फोटो! घरटी एक कॅट भेट!" असं म्हणून त्यांनी शंभूच्या खांद्यावर हात ठेवला. शंभू घरी बसून डिझाइनची कामं करतो, म्हणजे तो रिकामाच असतो, असा सोसायटीचा पक्का समज होता.

शंभू नाही म्हणाला असता, पण रंगराव पुढे हळूच म्हणाले, "खाली एक झाकलेलं पार्किंग मोकळं झालंय. एवढं काम मनासारखं झालं, की तुमचंच समजा."

शंभूची पांढरी गाडी सहा वर्षं जांभळाच्या झाडाखाली उभी होती. ती पांढरी आहे हे आता फक्त आरसी बुकावरूनच कळायचं. झाडावरचे कावळे जेवायला इतर झाडांवर जात आणि उरलेल्या विधींसाठी न चुकता शंभूच्या टपावर येत. त्या गाडीतून लग्नकार्याला जाताना त्याची बायको नम्रता एक चौक अलीकडेच उतरून चालत जायची. "ते पार्किंग मिळव, मग मी तुला काहीही म्हणणार नाही," असं तिने सांगितलं होतं. शंभूला दोन्ही गोष्टी हव्या होत्या.

त्याने सोपा मार्ग काढला. पहिला मजला इस्पिक, दुसरा बदाम, तिसरा चौकट, चौथा किलवर. एक नंबरचा फ्लॅट एक्का, दोन नंबरची दुर्री, असं चढत तेरा नंबरला राजा. त्याला वाटलं, यात भांडायला जागाच नाही.

पहिला मेसेज एकशेदोनच्या वेणूबाईंचा आला. 'आम्ही दुर्री. मेंटेनन्स मात्र पहिल्या तारखेला भरतो. असो.'

पाठोपाठ तीनशेअकराच्या भीमरावांनी लिहिलं, 'सदतीस वर्षं नोकरी केली. निवृत्तीनंतरही गुलामच का?' मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की एकशेएक हा रंगरावांचा फ्लॅट आहे. 'अध्यक्षांना इस्पिकचा एक्का! छान योगायोग. असे योगायोग पाणी सोडतानाही पहिल्या मजल्यावरच होतात.'

जोकर कुणालाच नको होते. त्यांच्यावर बिल्डरचा फोटो टाकावा, अशी एक चांगली सूचना आली. पण फोटो कुणाकडे नव्हता. मुळात बिल्डरला पैसे घेतल्यानंतर कुणी पाहिलेलंच नव्हतं. जोकर रद्द झाले.

"चिठ्ठ्या काढू," शंभू म्हणाला. चिठ्ठ्या निघाल्या. वेणूबाईंना इस्पिकचा एक्का आला आणि रंगरावांना चौकटची दुर्री.

"अतिशय पारदर्शक पद्धत आहे," वेणूबाई म्हणाल्या.

"पारदर्शकच आहे," रंगराव म्हणाले. "फक्त कोरम नव्हता. पुन्हा काढा."

पाच वेळा चिठ्ठ्या निघाल्या. दर वेळी तेरा-चौदा घरं समाधानी होत आणि उरलेली उपनियमांचं पुस्तक उघडत. शंभू दर वेळी बावन्न पत्त्यांवरचे फोटो इकडचे तिकडे करत बसे. समारंभ बारा दिवसांवर आला. अजून एकही पत्ता ठरलेला नव्हता आणि कावळे नियमाने येतच होते.

त्यातच तो मंडईमागच्या मुनव्वरभाईंच्या छापखान्यात गेला. मुनव्वरभाई लग्नपत्रिका छापता छापता म्हातारे झाले होते आणि आता कशाचंच त्यांना आश्चर्य वाटत नसे. त्यांनी फाइल पाहिली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"रंग पत्त्याच्या कडेलाच थांबवलाय आपण. असं चालत नाही. कटिंग केसभर सरकलं की पांढरी रेघ दिसणार. चारी बाजूंनी तीन मिलिमीटर जास्तीचं चित्र द्या, ते आम्ही कापून टाकतो. आणि माणसांची डोकी जरा आत घ्या, नाहीतर कुणाचे तरी कान जातील."

शंभूने हे प्रामाणिकपणे ग्रुपवर कळवलं. 'छपाईच्या सोयीसाठी प्रत्येकाच्या पत्त्यातून चारी बाजूंनी तीन मिलिमीटर भाग कापला जाईल. कृपया सहकार्य करावे.'

चार मिनिटांत तातडीची विशेष सभा लागली.

सभेला छत्तीस माणसं आली. टेरेसच्या गळतीला सहा आली होती. वेणूबाईंनी नातवाची पट्टी आणली होती.

"म्हणजे फाइलमध्ये दाखवणार एवढं आणि हातात देणार एवढं," त्या पट्टी उंचावत म्हणाल्या. "पंचवीस वर्षांपूर्वी हेच ऐकलं होतं आम्ही. सातशे फूट म्हणाला होता बिल्डर. ताबा घेतल्यावर मोजलं तर सोफा दारातच अडकला."

"काकू, हे फक्त बॅकग्राउंड आहे. तुमचं कुणीच कापलं जाणार नाही."

"तोही म्हणाला होता, फक्त भिंतींची जाडी आहे."

"पत्त्याचा कार्पेट एरिया किती ते लेखी द्या," भीमराव म्हणाले. "बिल्टअप सांगू नका. आता कुणी फसत नाही."

"पण तेवढा भाग जाणार कुठे?" मागून कुणीतरी विचारलं. "छापखानेवाला ठेवून घेणार?"

बहुमताने ठरलं, की कापाकापी होणार नाही. शंभूने तिथूनच मुनव्वरभाईंना फोन लावला.

"न कापता?" मुनव्वरभाई शांतपणे म्हणाले. "मग तो कॅट नाही साहेब, एकच मोठा कागद आहे. घरी नेऊन कात्रीने कापा. आणि उद्या पाचपर्यंत फाइल आली नाही, तर माझं मशीन निवडणुकीच्या कामाला लागलं."

शंभू खुर्चीवर चढला. एरवी तो सभेत बोलत नसे, पण सुटत चाललेलं पार्किंग त्याला डोळ्यांपुढे दिसत होतं. "ऐका! कापायचं ते सगळ्यांचं सारखंच कापलं जाईल. अध्यक्षांचं तीन, काकूंचं तीन, माझंही तीनच. आणि दुर्री, गुलाम, राजा ही भानगडच नको. सगळ्यांना एक्का! तोही बदामचा. बावन्नच्या बावन्न!"

सभा विचारात पडली. दुसऱ्याचंही तेवढंच कापलं जाणार, यात मोठंच समाधान होतं. वेणूबाईंनी पट्टी पर्समध्ये ठेवली.

शंभूने ठराव तिथल्या तिथे लिहिला: 'सोसायटीत सर्व सदनिका समान असून, कोणत्याही बाबतीत कोणत्याही सदनिकेला इतरांपेक्षा वरचढ स्थान देण्यात येऊ नये.' भाषा जरा फुलवली, म्हणजे कुणाला फाटे फोडायला जागा उरू नये. वेणूबाईंनी अनुमोदन दिलं. पंचवीस वर्षांत एकमताने मंजूर झालेला हा पहिलाच ठराव होता. भीमरावांना तर गहिवरून आलं.

दुसऱ्या दिवशी पाचला दहा कमी असताना फाइल गेली. सव्वापाचला मुनव्वरभाईंचा फोन आला.

"साहेब, यात बावन्न बदाम एक्के आहेत."

"बरोबर आहे."

"खेळणार कसं?"

"ते आमचं आम्ही बघू. आता काहीही बदलू नका, पाया पडतो."

"पडू नका," मुनव्वरभाई म्हणाले. "छापतो."

समारंभ झकास झाला. घरोघरी कॅट पोचले. रंगरावांनी लगेच डाव मांडला. भीमरावांनी एक्का टाकला, वेणूबाईंनी त्यावर एक्का टाकला, रंगरावांनी विचार करून एक्का टाकला. हात कुणाचा हे ठरेना, तरीही प्रत्येकाला आपणच जिंकल्यासारखं वाटत होतं. इतका निर्मळ डाव रंगराव जन्मात खेळले नव्हते.

शंभूने योग्य वेळ साधली. "रंगराव, ते पार्किंगचं..."

"आहे की लक्षात," रंगराव उठून उभे राहिले. "मंडळी, झाकलेलं पार्किंग शंभूरावांना देण्याचं माझ्या मनात आहे."

"कुठल्या नियमात?" वेणूबाईंनी पर्समधून ठरावाची झेरॉक्स काढली. "कोणत्याही बाबतीत कोणत्याही सदनिकेला वरचढ स्थान देण्यात येऊ नये. सूचक, शंभू. त्यांचीच सही आहे."

शंभूने स्वतःची सही निरखून पाहिली. ती उगाचच झोकदार आली होती.

"जागा एक, सदनिका बावन्न," भीमराव म्हणाले. "आणि वर्षाचे आठवडे बावन्न! प्रत्येकाला एक आठवडा. येत्या सोमवारपासून."

"क्रम कसा लावायचा?" रंगरावांनी विचारलं आणि स्वतःच्याच हातातल्या कॅटकडे पाहिलं. बावन्न पत्ते, प्रत्येकावर एक कुटुंब, सगळे सारखे. चिठ्ठ्या टाकायला याहून चांगलं साधन पुण्यात मिळालं नसतं. त्यांनी पत्ते पिसले आणि एकेक काढून आठवडे वाटायला सुरुवात केली.

नववा पत्ता काढून ते थबकले. त्यावर बदामाचं चिन्ह होतं आणि मध्ये एक राखाडी चौकोन. चौकोनात लिहिलं होतं, 'फोटो येथे टाकावा.'

शंभूने पुढे वाकून पत्ता पाहिला. इतरांचे एकावन्न फोटो पाच-पाचदा हलवता हलवता स्वतःचा बसवायचा राहूनच गेला होता.

"अहो, ते आम्ही आहोत!" तो म्हणाला.

"असाल," रंगराव चष्म्यातून पाहत म्हणाले, "पण इथे तसं दिसत नाही. ज्याचा पत्ता, त्याचा आठवडा, असंच चाललंय आपलं."

बरीच चर्चा झाली. अखेर नववा आठवडा पाहुण्यांसाठी राखीव ठेवावा, असं ठरलं. तेही एकमताने. सोसायटीला आता एकमताची चटकच लागली होती.

घरी नम्रताने कॅलेंडरवर नववा आठवडा मोजून काढला. मग म्हणाली, "ठीक आहे. नवव्या आठवड्यात आपण पाहुणे."

नवव्या सोमवारी शंभूने गाडी स्वच्छ धुतली, रस्त्यावर एक चक्कर मारली आणि गेटपाशी येऊन हॉर्न वाजवला. वॉचमन संभाजी वही घेऊन आला. गेली सहा वर्षं तो शंभूला रोज सलाम करायचा.

"पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये लावायचीय," शंभू म्हणाला.

"नाव सांगा."

"शंभू."

"कुणाकडं?"

"चारशेसहा."

संभाजीने दोन्ही गोष्टी नीट लिहून घेतल्या. "घरी हायत का ते? अध्यक्ष साहेबांनी सांगितलंय, घरमालकाला फोन केल्याबिगर पाहुण्याला आत सोडायचं न्हाई."

त्याने खिशातून मोबाइल काढला, नंबर लावला आणि वाट पाहत आभाळाकडे बघू लागला. शंभूच्या खिशात फोन वाजला. मागे भाजीचा टेम्पो येऊन थांबला होता आणि त्याचा ड्रायव्हर ओरडायला लागला होता. शंभूने फोन कानाला लावला.

"साहेब, गेटवर पाहुणे आल्यात," संभाजी म्हणाला. "सोडू का आत?"

"सोडा," शंभू म्हणाला. "पण त्यांना सांगा, जेवायला थांबू नका."