आरपार खिळा

या, असे जवळ येऊन बसा. थोडं सरकून घ्या, मागच्यांनाही टेकू द्या. एका भिंतीची गोष्ट सांगतो. फार तर हसून पोट दुखेल, त्याला माझ्याकडे इलाज नाही.

मोठ्या शहरातल्या एका तिसऱ्या मजल्यावर मुळात एक बऱ्यापैकी खोली होती. मालकीणबाईंनी मधोमध प्लायवूड उभं केलं आणि एकीच्या दोन झाल्या. अलीकडे शिंपी राहायचे, त्यांना सगळे मास्तर म्हणत, आणि त्यांची बायको. पलीकडे घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारे काका. खिडकी एकच, ती काकांच्या वाट्याला गेली. मास्तरांच्या वाट्याला आला दिवा. मास्तर शिवायला बसले की बायकोनं उभं राहायचं, आणि बायको स्वयंपाकाला लागली की मास्तरांनी जिन्यात बसून काजं करायची. अंथरूण पसरलं की दार उघडत नसे. सकाळी कुणी आलं की आतून आवाज यायचा, "थांबा हं, जमीन गुंडाळतोय!" पण एवढ्याशा जागेतही देवानं दोघांना हसण्यापुरती जागा ठेवली होती.

अशा घरांचे कायदे वेगळे असतात. पलीकडून कुणी खिळा ठोकला आणि त्याचं टोक अलीकडे निघालं, तर भांडायचं नाही. डोकं ठोकणाऱ्याचं, टोक शेजाऱ्याचं. काकांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, ही जागा घेतली त्या दिवशी घड्याळ टांगायला असाच एक खिळा ठोकला होता. काका भिंग लावून मध्य शोधत बसले होते, तोवर काकूंनी ठोकूनही टाकला. मास्तरांनी अलीकडे निघालेलं टोक हातोडीनं वर वळवलं, झाला छान हूक! त्याला दोरी बांधली आणि समोरच्या भिंतीपर्यंत ताणून गिऱ्हाइकांचे सगळे कपडे तिच्यावर लटकवले. पुढे काकू देवाघरी गेल्या. घड्याळ मात्र पलीकडे चालत राहिलं, आणि त्याच खिळ्यावर अलीकडचा संसार डुलत राहिला.

आता ऐका. काकांचा मुलगा लांबच्या एका उंच इमारतीत राहायचा. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही इथं एकटे राहता. काही झालं तर हाक मारायला माणूस नाही. माझ्याकडे चला." काका म्हणाले, "बरं." काकांना जायचं नव्हतं. पण पोरगा मायेनं बोलावत होता, आणि मायेला नाही म्हणायला फार कठीण काळीज लागतं. काकांचं तसं नव्हतं. निघायचा दिवस उजाडला. वळकटी बांधली, पिशव्या भरल्या. दुसऱ्या दिवशी नवा भाडेकरू येणार होता, म्हणजे परतीचा रस्ताही बंद. शेवटी काकांनी घड्याळ उतरवलं आणि पकड घेऊन खिळा ओढायला सुरुवात केली.

अलीकडे दोरीवरचे सगळे कपडे एकदम थरथरले.

"अहो, कपडे नाचताहेत!" मास्तरीणबाई ओरडल्या.

"तू सकाळपासून उपाशी आहेस. खाऊन घे काहीतरी."

"अहो खरंच! हा सदरा बघा, मला हात करतोय!"

हूक भिंतीत शिरायला लागलेला पाहून बाईंनी दोन्ही हातांनी तो पकडला आणि जीव खाऊन आपल्याकडे ओढला. पलीकडून काकांनी ओढला. इकडून बाईंनी.

"कोण ओढतंय रे तिकडे?"

"मी आहे, काका! तुम्ही कोण?"

"मीच की! सोड, पोरी, माझा खिळा आहे."

"आणि आमचं अख्खं घर त्याच्यावर लटकलंय त्याचं काय?"

"डोकं माझं, टोक तुझं, ठरलंय ना आपलं?"

"अहो, पण डोकं निघून गेल्यावर टोक काय हवेत राहणार आहे?"

पलीकडची ओढ सैल पडली. मग काकांचा आवाज आला, अगदी हळू. "कपाट राहू दे, भांडी राहू देत. हा खिळा तिच्या हातचा आहे गं. एवढा घेऊन जातो."

बाईंनी हूक सोडला. पदरानं नाक पुसलं आणि नवऱ्यावर खेकसल्या, "बसलाय काय? टोक सरळ करून द्या त्यांना!"

मास्तरांनी दोरी सोडली, शिलाई मशीनच्या टेबलावर चढले, एक हात भिंतीला टेकला आणि दुसऱ्या हातानं हातोडी हाणायला लागले. एवढ्यात पलीकडे मुलगा वर आला. "बाबा, खाली टॅक्सीवाला बोंबलतोय! द्या ती पकड इकडे." पोरगा तरणाबांड. त्यानं खिळा पकडीत धरला आणि अंग मागे टाकलं. इकडून मास्तरांनी घाव घातला, तिकडून त्यानं हिसका दिला. भिंतीची चौकट वाळवीनं कधीच खाल्ली होती. बिचारी शरमेखातर उभी होती. ती कुरकुरली, मोठ्या अदबीनं पलीकडे झुकली, आणि तिच्यावर टेकलेले मास्तर तिच्याबरोबर गेले. बापलेकांनी खिडकीकडे उडी मारली.

धूळ बसली. वळकटीवर भिंत, भिंतीवर पालथे मास्तर, हातात हातोडी तशीच.

"या, मास्तर," काका म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

सगळी भिंत आली होती. खिळा मात्र जागचा हललेला नव्हता.

तेवढ्यात बाईंनी किंकाळी फोडली. मास्तर धडपडत उठले. "काय झालं? लागलं?"

"अहो, हा कोट निळा आहे!"

"काळा आहे."

"निळा! बघा ना उन्हात! आणि तुम्ही काळ्या दोऱ्यानं शिवलाय!"

खिडकीतलं ऊन पहिल्यांदाच अलीकडे शिरलं होतं आणि शिलाई मशीनवर ऐसपैस बसलं होतं. मास्तर कोटाकडे बघत राहिले. "गिऱ्हाईक निळा निळा म्हणत होतं खरं. मला वाटलं, त्याच्याच डोळ्यात काहीतरी आहे."

आवाज ऐकून मालकीणबाई धापा टाकत आल्या. "माझी भिंत! कुठे आहे माझी भिंत?"

"इथेच आहे, बाई," मास्तर म्हणाले. "आडवी आहे फक्त."

"उद्या नवा माणूस येतोय! त्याला काय दाखवू, तुमची तोंडं? ही भिंत पहिल्यासारखी उभी राहीपर्यंत इथून कुणी हलायचं नाही. ज्यानं पाडली त्यानं राहायचं!"

मुलगा तोंड उघडणार होता. पण तोवर मास्तरीणबाईंनी काकांना आपल्या स्टुलावर बसवलं होतं, हातात पाणी दिलं होतं आणि रागवायलाही लागल्या होत्या, "या वयात उड्या मारतं का कुणी? घोट घोट प्या. घोट घोट म्हटलं ना!" काका निमूटपणे घोट घोट पीत होते. मुलगा ते बघत राहिला.

"बाबा, तुम्ही एकटे राहता म्हणून मी न्यायला आलो होतो."

"हो."

"आता एकटे कुठे आहात?"

काकांनी खिशातलं भिंग काढून बराच वेळ पुसलं. "तू म्हणशील तसं," ते म्हणाले, आणि वळकटी सोडायला इतक्या घाईनं धावले की ती भिंतीखाली आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

नव्या भाडेकरूची सोय मालकीणबाईंनी खालच्या सामानाच्या खोलीत केली. मास्तरांनी उरलेल्या तुकड्यांचा पडदा शिवून रात्रीपुरता लावला. आणि भिंतीसाठी सुतार आला. त्यानं चौकट उभी केली, तर काकांनी भिंग लावून सांगितलं, "केसभर तिरकी आहे." सुतारानं काढली. परत लावली. "आता या बाजूला." तोवर मास्तरीणबाईंनी त्याला जेवायला वाढलं आणि मास्तरांनी त्याच्या फाटक्या खिशाला टाके घातले. असे काही दिवस गेले. एकदा सुतारानं रंधा खाली ठेवला आणि हळूच विचारलं, "काका, भिंत पाहिजे का हो तुम्हाला?"

"मालकीणबाईंना पाहिजे."

"मी तुम्हाला विचारलं."

काका मास्तरांच्या मशीनवर पडलेल्या उन्हाकडे बघत होते. सुतारानं डोकं खाजवलं, जिन्यात गेला आणि खाली वाकून ओरडला, "मालकीणबाई! चांगलं लाकूड मिळेना हो! मिळालं की लगेच उभी करतो!"

लाकूड अजून मिळालेलं नाही. मालकीणबाई दुपारी देखरेखीला येतात, "झाली का रे भिंत?" म्हणून दारातूनच करवादतात आणि खिडकीतली उन्हाची जागा पकडून संध्याकाळपर्यंत गप्पा मारत लसूण सोलतात. परवा त्या सुताराला जिन्यात गाठून म्हणाल्या, "घाई नाही हो. लाकूड बघूनच घ्या."

तेव्हा मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा आपलं मागून झाल्यावर त्या सुताराचीही आठवण काढा. त्याचं नाव मला ठाऊक नाही. न उभारलेल्या भिंतीचा सुतार म्हणा, देवाला बरोबर कळेल.