ठरवून केलेलं भांडण

मधुअण्णा आणि बाळासो एकमेकांशी बोलत नसत, आणि त्यामुळेच दोघांच्याही नोकऱ्या टिकून होत्या. पण हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलेलं नव्हतं. त्यांच्या तर नाहीच.

कंपनी पशुखाद्याची. कारखाना शिरवळला आणि ऑफिस सांगलीत, विश्रामबागेत. मधुअण्णा सांगली जिल्ह्यातल्या दुकानदारांच्या ऑर्डरी घेत, बाळासो सातारा जिल्ह्यातल्या. टेबलं शेजारीशेजारी, काम एकसारखं, पण दहा-अकरा वर्षांत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर शब्द गेलेला नव्हता. निमित्त झालं होतं औंधच्या यमाईच्या यात्रेचं. बाळासो तिकडचेच. ते यात्रेला गेले असताना त्यांचा फोन मधुअण्णांनी उचलला. पलीकडून एक दुकानदार पेंडीची पोती मागत होता. "बाळासो देवाला गेलेत," मधुअण्णा म्हणाले, "तोवर जनावरांना उपास धरायला सांगा." त्यांच्या मते हा विनोद होता. दुकानदार बाळासोंचा साडू निघाला.

तेव्हापासून दोघांमधली सगळी बोलणी चहा देणाऱ्या मंगलबाईंच्या मार्फत चालत. "मंगलबाई, यांना सांगा, पंखा कमी करा," असं मधुअण्णा म्हणत. बाळासो हातभर अंतरावर बसून ते नीट ऐकत आणि मंगलबाई मोरीतून येऊन निरोप सांगेपर्यंत गारठत बसत. शिरवळहून विट्याला निघालेला मधुअण्णांचा ट्रक अर्धा रिकामा जाई, आणि त्याच रस्त्याने औंधला निघालेला बाळासोंचा ट्रकही. हे बदलावं असं कुणी सुचवलं, की दोघंही एकदम गप्प होत. त्या एका बाबतीत त्यांचं एकमत होतं.

मग साताऱ्याचे रविराज साहेब मॅनेजर म्हणून आले. तरुण, हसतमुख, आणि हसताना माणसाच्या डोळ्यांत न बघता कपाळाकडे बघणारे. त्यांनी आठवडाभर अर्धे ट्रक पाहिले आणि दोघांना साताऱ्यातल्या एका हॉटेलात प्रशिक्षणाला धाडून दिलं. विषय होता, वाटाघाटी आणि कामाच्या ठिकाणचे वाद कसे मिटवावेत.

शिकवायला वाईच्या स्वानंदी मॅडम होत्या. त्या मनापासून शिकवत, हीच सगळी अडचण झाली. "समोरच्याची मागणी ऐकू नका, गरज ऐका," त्या म्हणाल्या. "माणूस आणि प्रश्न वेगळे ठेवा." मग त्यांनी भांडणाऱ्या जोड्या समोरासमोर बसवल्या. आपल्याला कशाची भीती वाटते ते एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने स्वतःचं काही न घालता ते तसंच परत म्हणायचं.

मधुअण्णांनी टेबलावरची बाटली बाजूला सरकवली. मग त्यांनी सांगितलं आणि बाळासोंनी परत म्हटलं.

"तुमचा पोरगा अनीश दोन वर्सं झाली, खोलीतनं भाईर येत न्हाई. नोकरी न्हाई, बोलनं न्हाई. तुमी लोकास्नी सांगता, त्यो घरनं काम करतोय. आन् रोज दाराशी ताट ठिवून तुमी हापिसला येता."

"सुंदर," मॅडम म्हणाल्या. "आता तुम्ही."

बाळासोंनीही सांगितलं, आणि मधुअण्णांनी हळू आवाजात परत म्हटलं, "तुम्हाला इंग्रजी येत नाही. ऑफिसचे मेल तुमची मुलगी अंकिता लिहिते. ती आता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती कामाला लागून लांब गेली, की तुमचं पितळ उघडं पडेल, याची तुम्हाला भीती वाटते."

येताना एसटी कराडला थांबली तेव्हा बाळासोंनी दोन चहा आणले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मधे मंगलबाई नव्हत्या.

पुढचे काही महिने ऑफिसला नजर लागावी असे गेले. विटा आणि औंध मिळून एकच ट्रक भरून जाऊ लागला. बाळासोंचे इंग्रजी मेल मधुअण्णा लिहून देऊ लागले. मधुअण्णा आजारी पडले तेव्हा बाळासोंनी दोन्ही जिल्हे एकट्याने सांभाळले आणि संध्याकाळी डबा घेऊन त्यांच्या घरी गेले. अनीशच्या बंद दारासमोर उभं राहून त्यांनी मेंढरांच्या चार गोष्टी सांगितल्या. दार उघडलं नाही, पण आतून कुणीतरी हसल्यासारखा आवाज आला. त्या रात्री मधुअण्णा रडले.

मग रविराज साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"तुमचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे," साहेब त्यांच्या कपाळांकडे बघत म्हणाले. "शिरवळलासुद्धा तुमचंच नाव निघतं. काका, परवा तुम्ही एकट्यानं दोन्ही जिल्हे सांभाळलेत."

"व्हय साहेब. काय अवघड न्हाई त्यात," बाळासो अभिमानाने म्हणाले.

"तेच म्हणतोय मी. म्हणजे हे एकाच माणसाचं काम आहे."

बाळासोंना आपण काय बोलून बसलो ते कळलं, पण तोवर उशीर झाला होता. एकाची जागा कमी होणार होती. जाणाऱ्याने आपली सगळी गिऱ्हाइकं राहणाऱ्याच्या हवाली करून द्यायची होती. "कोण जाणार ते मी ठरवणार नाही," साहेब म्हणाले. "तुम्ही शिकून आलाय. सोमवारी मला एक नाव सांगा." माणूस आणि प्रश्न वेगळे ठेवायला मॅडमनी शिकवलं होतं. कंपनीने त्यातला माणूस तेवढा वेगळा काढायचं ठरवलं.

संध्याकाळी दोघं चौकातल्या रसाच्या गाड्यावर बसले. कुणालाच रस प्यावासा वाटत नव्हता.

"मी जातो म्हनलं असतं," बाळासो म्हणाले. "पर अंकिताचं वरीस पुरं झाल्याबिगर कसं म्हनू?"

"आणि मी घरी बसलो तर एका घरात दोघं दारं लावून बसू," मधुअण्णा म्हणाले. "मॅडम काय म्हणाल्या होत्या? मागणी नको, गरज बघा. आपली गरज काय?"

"दोघांनी ऱ्हायाचं."

"आणि साहेबांची?"

"जानाऱ्यानं समदं शिकवून जायाचं." बाळासोंनी मान वर केली. "म्हंजे आपन बोलत नसलो, तर कोन कुनाला शिकवनार?"

मॅडमच्या पद्धतीने, एकमेकांचं पूर्ण ऐकून घेऊन, दोघांनी भांडणाचा करार केला. हात उगारायचा नाही. जातीवर जायचं नाही. गावाला नावं ठेवली तर चालेल. आई-बाप मधे आणायचे नाहीत. आणि साताऱ्याला त्या खोलीत जे सांगितलं, ते मेलं तरी बाहेर काढायचं नाही. शेवटी मधुअण्णांनी म्हणायचं, "साहेब, यांच्याबरोबर मला काम करायचं नाही." मग त्यांनी तालीम केली. दोघांनाही इतकं हसू येत होतं, की रसवाल्याने येऊन काय झालं म्हणून विचारलं.

सोमवारी केबिनचं दार उघडं ठेवून भांडण सुरू झालं. मधुअण्णा म्हणाले, बाळासोंनी विट्याचा ट्रक मुद्दाम आधी औंधला नेला. बाळासो म्हणाले, विट्याची मानसं लय चेंगट हायत. मधुअण्णा म्हणाले, तुमच्या औंधला तर प्यायला पाणी नाही. मग दोघांनाही पुढचं आठवेना.

रविराज साहेब खुर्चीत मागे रेलले. आता ते पहिल्यांदाच सरळ डोळ्यांत बघत होते.

"काका, पाठ करून आलाय का? मला काय खुळा समजता? नाव सांगा, नाहीतर मी दोघांचीही कळवतो."

बाळासोंच्या डोळ्यांसमोर अंकिता आली. काहीतरी बोलायलाच हवं होतं, खरं वाटेल असं, आणि खरं असं त्यांच्याकडे एकच होतं.

"मला काय शिकवतोय ह्यो," ते ओरडले. "दोन वर्सं झाली, पोटचं पोरगं खोलीतनं भाईर काढाय येईना ह्याला. घरनं काम करतोय म्हनून गावभर थापा मारतोय. आन् ह्यो माझ्या ट्रकाच्या चुका काढाय निघालाय."

ऑफिसात टायपिंग थांबलं. मंगलबाई ट्रे घेऊन दारातच उभ्या राहिल्या. गेल्याच आठवड्यात त्यांनी आपल्या भाच्याला अनीशसारखं घरून करायचं काम मिळेल का, म्हणून मधुअण्णांना विचारलं होतं.

मधुअण्णांचा चेहरा पांढरा पडला. बाळासो वाट बघत राहिले. आता इंग्रजीचं निघणार आणि आपण संपणार, हे त्यांना दिसत होतं. निघावं असंही त्यांना वाटलं, म्हणजे फिटंफाट झाली असती. पण मधुअण्णांनी ते काढलं नाही.

"साहेब," ते म्हणाले, "यांच्याबरोबर मला काम करायचं नाही."

वाक्य ठरल्याप्रमाणेच होतं. साहेबांनी लगेच शिरवळला फोन लावला आणि सांगितलं, की हे दोघं एकमेकांना काही शिकवायचे नाहीत, एकाच्या हातात सगळं देणं इतक्यात शक्य नाही, दोघंही ठेवावे लागतील.

संध्याकाळी मधुअण्णा स्कूटर काढत असताना बाळासो मागून आले. लाजेने त्यांना वर बघवत नव्हतं. स्कूटरच्या सीटवर हात ठेवून ते म्हणाले, "आवं अण्णा, चुकलं माझं. तोंडातनं गेलं."

"नोकरी वाचली ना?"

"वाचली. तुमी मला दोन थोबाडीत द्या, पर माफ केलं म्हना."

मधुअण्णांनी स्कूटरला किल्ली लावली. "माफ केलं म्हटलं, तर उद्या तुमच्याकडे बघून मला हसू येईल. मला लपवता येत नाही, सकाळी बघितलंत ना? आपलं गोड झालेलं साहेबांना दिसलं, की पुन्हा एक खुर्ची जाईल. म्हणून माफ करायचं नाही."

"मग कवा?"

"मी रिटायर झाल्यावर."

"सा वर्सं हायत आजून."

"मग सहा वर्षांनी बघू."

हे खरंच नोकरीसाठी होतं, की नकार द्यायची शहाण्या माणसाची रीत होती, हे बाळासोंना त्या चेहऱ्यावरून कळेना. ते विचारणार, तेवढ्यात मंगलबाई आणि दोघं-तिघं ऑफिसच्या फाटकातून बाहेर आले.

"माझ्या गाडीला हात लावायचा नाही," मधुअण्णा मोठ्यांदा म्हणाले.

ते कुणाला ऐकवायला होतं, तेही बाळासोंना कळलं नाही. त्यांनी हात काढून घेतला.