गोधडीवरचा ठेका

माझे दामोदर काका साठीच्या पुढचे आहेत, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले आहेत, आणि आपल्या बापापासून लपून मोबाईलवर गेम खेळतात.

लपून म्हणजे खरोखरच लपून. गडचिरोलीतल्या आमच्या घराची मागची खोली. दार लोटलेलं, कूलर पूर्ण वेगावर. स्टुलावर घडी घातलेली जाड गोधडी, गोधडीवर मोबाईल, कानात वायरचे हेडफोन. शेजारी कॅरमच्या पावडरचा डबा, कारण घामेजलेलं बोट मोबाईल ओळखत नाही. काका बोटं पावडरीत बुडवतात, एकमेकांवर घासतात, फुंकर मारतात आणि स्वतःलाच सांगतात, "चला, डबल."

डबल म्हणजे दोन घंट्या. एक घंटी वाजली की गाडी थांबते, दोन वाजल्या की निघते. काकांची नोकरी सुटली, घंटी काही सुटली नाही. जेवताना भात पुरे झाला की ते ताटावर हात धरून "सिंगल" म्हणतात. काकू एकदा म्हणाल्या, "माह्या हातात पळी आहे, ब्रेक नाई." काकांनी ते मनावर घेतलं नाही.

गेम गाण्याचा आहे. गाणं सुरू झालं की स्क्रीनवर वरून चार रांगांत पट्ट्या खाली येतात. पट्टी खालच्या रेषेवर पोचली की नेमकं त्याच क्षणी बोट मारायचं. बोट बरोबर पडलं तर ढोलकीचा ठोका वाजतो. आधी पडलं किंवा उशिरा पडलं, तर ठोका नाही आणि लाल अक्षरांत 'मिस'. काकांनी त्या चार रांगांना गावातल्या चौकातून फुटणाऱ्या चार रस्त्यांची नावं दिली आहेत: धानोरा, आरमोरी, चामोर्शी आणि मूल. खाली येणारी प्रत्येक पट्टी म्हणजे स्टॉपवर उभा असलेला पॅसेंजर.

"घंटी आधी मारली तं पॅसेंजर खाली राह्यते, उशिरा मारली तं गाडी लेट," ते मला समजावतात. "जिंदगीभर दुसरं काय केलं मी?"

हा मोबाईल माझाच. नवा घेतला तेव्हा जुना मी काकांना दिला, घरबसल्या लाईटबिल भरता यावं म्हणून. बिल अजून काकूच रांगेत उभ्या राहून भरतात. काकांनी एक जाहिरात बंद करायला बोट मारलं आणि जाहिरातीऐवजी गेमच घरात आला, तो कायमचा.

मला ते आवडलं नव्हतं. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी आहे. हे मी जिथंतिथं सांगते, इथंही सांगते. घरात कोणी वेळ वाया घालवताना दिसलं की माझा जीव वरखाली होतो. मी म्हटलं, "काका, काहीतरी वाचत जा. सकाळी फिरायला तरी जा."

"तू बी.ए. झाली ना माय? मंग तुले कळाले पायजे. हेबी परीक्षाच आहे. फक्त पेपर वरून पडते."

एकदा त्यांनी मलाच बसवलं आणि मागं उभे राहिले. "राह्यला. अजून एक राह्यला. सुजाता, तू तं चामोर्शी रोडवर कोनालेच घेतलं नाई. लोकं डेपोत तक्रार करतीन."

खेळता खेळता मोबाईल तापला की काका तो ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवतात आणि मधूनमधून हात लावून पाहतात. "पोरायले ताप आला तेव्हा इतके उठले नाई तुमी," काकू म्हणतात. काका ऐकतात आणि पुन्हा हात लावून पाहतात.

साठीच्या माणसानं गेम खेळला तर त्यात लपवायचं काय, असं वाचणाऱ्याला वाटेल. लपवायचं ते आबाजींमुळे. आबाजी म्हणजे माझे आजोबा, काकांचे बाबा.

आमचं मूळ गाव वैनगंगेच्या काठचं. गावासाठी डफडं वाजवणं हे आमच्या लोकांवर टाकलेलं काम होतं. कोणी याला कला वगैरे म्हटलं की मला राग येतो. तो हुकूम होता. लग्न त्यांचं, मयत त्यांची, पोळा त्यांचा, आणि वाजवणारे आम्ही, मांडवाच्या बाहेर. सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलेलं आमच्या पदरात पडायचं. आबाजी अगदी लहानपणापासून आपल्या बापाच्या शेजारी उभे राहून वाजवायचे. हात फार चांगला होता म्हणतात. मग बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि मोहल्ल्यानं ठरवलं की हे काम बंद. मिसरूड न फुटलेल्या आबाजींनी घरचं डफडं स्वतःच्या हातानं फाडलं. पुढं त्या हातांनी धान कापलं, तेंदूपत्ता तोडला, रस्त्यावर गिट्टी फोडली. वाजवलं मात्र नाही. त्या हातांवर काका मॅट्रिक झाले आणि कंडक्टर झाले. त्या हातांवरच मी बी.ए. झाले.

काका शाळेत असताना एकदा अंगणात तेलाचा रिकामा पिपा वाजवत बसले होते. आबाजी कामावरून आले. मारलं नाही, ओरडले नाहीत. पोराचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन बसून राहिले आणि म्हणाले, "हे हात लिहाले आहेत, वाजवाले नाई." काका सांगतात, मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर काकांनी घरात कधी ताटसुद्धा वाजवलं नाही. बसमध्ये मात्र तिकिटाचा पंच दांड्यावर वाजवत सगळी नोकरी काढली. धानोऱ्याच्या गाडीतली म्हातारी माणसं अजून सांगतात की दामोदर कंडक्टर असला की रस्त्यावरचे खड्डे कमी वाटायचे. मी काकांना विचारलं, "तेव्हा बरं वाजवत होतात?"

"बसमदी बाबा नोते."

आबाजी आता नव्वदीकडं चालले आहेत. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, कान शाबूत आहेत. म्हणून गोधडी, म्हणजे काचेवरच्या बोटांचा आवाज होऊ नये. आणि म्हणून कूलर, म्हणजे उरलासुरला आवाज त्याच्या घरघरीत बुडावा.

"काका, हा गेम आहे," मी एकदा म्हटलं.

"तुह्यासाठी गेम. त्यायनं आवाज आयकला तं त्यायले काय दिसन?" काका पावडरीच्या डब्याचं झाकण फिरवत होते. "सारं आयुष्य ज्याच्यापासून मले दूर ठेवलं, तेच पोरानं धरलं, असं मनात घेऊन बाबा जाऊ नाई. बस."

मे महिन्यातला रविवार होता. मी पुढच्या खोलीत आबाजींना पेपर वाचून दाखवत होते. मागं काकांची गाडी सुटलेली होती. तेवढ्यात लाईट गेली. कूलरचा पंखा सावकाश फिरत फिरत थांबला आणि घर एकदम शांत झालं. हेडफोनच्या आत गाणं चालूच असल्यामुळे काकांना यातलं काही कळलं नाही.

आतून बोटांचा आवाज येऊ लागला. गोधडीमुळे दबलेला, पण सरळ ऐकू येणारा. दोन सावकाश, तीन घाईचे, परत दोन.

आबाजींनी हात वर केला. "थांब."

मी थांबले नाही. हवामानाची बातमी मोठ्यानं वाचू लागले. ब्रह्मपुरीचं तापमान तर मी जवळजवळ ओरडूनच सांगितलं.

"सुजाता," आबाजी म्हणाले, "मी आंधळा आहो. भैरा नाई."

ते काठी घेऊन उठले. मी दंड धरला. भिंतीला हात लावत ते मागच्या खोलीपर्यंत आले. काका दाराकडं पाठ करून बसले होते. खांदे हलत होते, तोंडानं हळूहळू चालू होतं, "धानोरा, धानोरा, मूल." मी खांद्याला हात लावला. ते दचकून उभे राहिले, हेडफोनची वायर ओढली जाऊन मोबाईलमधून निघाली, आणि ढोलकी साऱ्या घरात वाजू लागली. पावडर लागलेल्या बोटांना आवाज बंद करायचं बटन सापडेना. शेवटी गाणं आपणहून संपलं.

"बाबा, काई नाई. मोबाईल आहे."

आबाजी चाचपडत खाटेच्या कडेवर बसले. त्यांचा हात स्टुलापर्यंत गेला, गोधडीवरून फिरला आणि मोबाईलवर थांबला.

"गरम आहे."

काकांनी पावडरीची बोटं लेंग्याला पुसली.

"शेकलं काय?"

मला समजायला वेळ लागला. डफडं वाजवायच्या आधी विस्तवावर शेकतात. चामडं तापून ताणलं की मग त्याचा आवाज उघडतो. हे मी फक्त ऐकलेलं होतं. काकांना लगेच समजलं. त्यांनी मान खाली घातली.

"नाई बाबा. ते आपोआप तापते."

"कोनाच्या घरी वाजवून राह्यला?"

"कोनाच्याच नाई, बाबा. आपल्याच घरी."

"कोनं बलावलं?"

"कोनंच नाई बलावलं."

"मंग काऊन वाजवतं?"

"मले बरं वाटते," काका म्हणाले. पिपा वाजवताना सापडलेलं पोर म्हणेल तसं.

दारात काकू पाण्याचा पेला घेऊन उभ्या होत्या, त्या आत आल्या नाहीत. आबाजींचा हात मोबाईलवरून हलला नव्हता. मग त्यांचं एक बोट उचललं आणि खाली पडलं. त्या स्पर्शानं गाणं परत सुरू झालं. पट्ट्या खाली येऊ लागल्या. आबाजींना त्या दिसत नव्हत्या, आणि गाण्याकडंही त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांची बोटं दुसरंच काही वाजवत होती. आधी अडखळत, मग जरा मोकळं, अंगठा एका बाजूला आणि चार बोटं दुसऱ्या. असा ठेका मी कुठं ऐकला नव्हता. काकांनीही ऐकला नव्हता, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

स्क्रीनवर लाल अक्षरं एकामागून एक येत होती. मिस, मिस, मिस. चारही रस्त्यांवरचे पॅसेंजर उभेच्या उभे राहत होते. एक माणूस खाली राहिला तरी ज्यांचा जीव जातो, ते काका स्क्रीनकडं पाहतच नव्हते. ते बापाच्या हाताकडं पाहत होते.

मग ते वाकले. आबाजींचा हात होता तसाच ठेवून त्यांनी मोबाईल एका हातानं जरासा उचलून धरला, आणि दुसऱ्या हातानं खालची गोधडी काढून घेतली.