जुना माल आधी

कुलूपरावांचा एकच नियम होता: जुना माल आधी. नट-बोल्टच्या कारखान्याचं गोदाम त्यांनी एकतीस वर्षं सांभाळलं आणि तेवढ्या वर्षांत आधीचं खोकं रिकामं झाल्याशिवाय नवीन खोक्याची पट्टी कुणाला कापू दिली नाही. कुलूपराव हे नाव तिथल्याच लोकांनी ठेवलेलं. निवृत्त झाल्यावर किल्ल्या गेल्या, आवाज तेवढा घरी आला. साबणाचा तुकडा शिल्लक असताना कुणी नवीन वडी काढली, तर सगळी आळी जागी व्हायची.

गोळ्या अधूनमधून चुकल्यामुळे त्यांच्या बायकोचं ब्लडप्रेशर वाढलं आणि ती चार दिवस दवाखान्यात राहून आली. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी सुनेला बजावलं, "या नवीन गोळ्या, रोज सकाळी एक. जुन्या पूर्ण बंद." हे ऐकायला कुलूपराव जागेवर नव्हते. गाडी फाटकात लावू दिली नाही म्हणून ते खाली पहारेकऱ्याचा समाचार घेत होते.

घरी आल्या आल्या सुनेने जुनी पाकिटं कचऱ्यात टाकली. कुलूपरावांनी ती डब्यातून काढली, पुसली आणि तिला फैलावर घेतलं.

"दोन महिन्यांचा माल आहे हा. कुणाला विचारून टाकलास?"

"बाबा, डॉक्टरांनीच सांगितलंय की..."

"त्यांच्या बापाचं काय जातंय? हा संपेपर्यंत नवीन पाकीट फोडायचं नाही. विषय संपला."

दगडावर डोकं आपटून दगडाचं काही बिघडत नाही, हे सुनेला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. ती "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून सासरे उठायच्या आत ती सासूला गुपचूप नवीन गोळी द्यायला लागली. नऊ वाजता नाश्ता झाला की कुलूपराव जुनी द्यायचे. आपण दिली म्हणून बाई वाचली, असं दोघांनाही मनापासून वाटत होतं. बाई दोन्ही गिळत होती.

आठव्या दिवशी, रविवारी, ती खुर्चीवरून उठली आणि ओट्याला धरत धरत खालीच बसली. तोंड पांढरंफटक.

कुलूपराव भयंकर घाबरले. पण घाबरायची सवय नसल्यामुळे ते भडकले. आधी फरशीवर, मग खुर्चीवर, मग डॉक्टरांवर. "अर्धवट दुरुस्त करून माणसं घरी पाठवतात. लाज नाही वाटत?" आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "प्रेशर चढलंय तुझं. थांब, आणखी एक देतो."

गोळी घेऊन ते तिच्यासमोर उकिडवे बसले. "तोंड उघड."

तिने मान हलवली.

"उघड म्हणतो ना!"

तेवढ्यात ओल्या केसांनी धावत आलेल्या सुनेने त्यांच्या चिमटीतली गोळी काढून घेतली. "आधी दवाखाना. ओरडायचं ते गाडीत ओरडा." असं त्यांच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं. त्यामुळे ते खरोखरच गाडीत जाऊन ओरडले. जाताना घरातली सगळी पाकिटं मात्र त्यांनी पिशवीत भरली. डॉक्टरांची आज पुराव्यासकट खरडपट्टी काढायची होती.

डॉक्टरीणबाईंनी पेशंटला आडवं केलं, पाय उशीवर ठेवले, प्रेशर मोजलं. चढलेलं नव्हतं. पार तळाला गेलं होतं.

कुलूपरावांनी पिशवी टेबलावर उपडी केली. "बघा तुमचं औषध! आणखी एक देत होतो, तर हिने हिसकावली."

"यातली कोणती गोळी देता?"

कुलूपरावांनी जुन्या पाकिटावर बोट ठेवलं. त्याच क्षणी सुनेने नव्यावर ठेवलं. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

डॉक्टरांनी दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवली. "मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीने ठेवलेलं असतं, आणि आमच्याकडे दुसऱ्या कंपनीची गोळी मिळते. औषधाचं नाव ते खालचं बारीक. वाचा."

कुलूपरावांनी चष्मा लावला. दोन्हीकडे अक्षरन् अक्षर तेच होतं. एकतीस वर्षं ते लेबल वाचल्याशिवाय खिळ्याचं पुडकंसुद्धा आत घेत नव्हते.

"एकच औषध, रोज दुप्पट," डॉक्टर म्हणाल्या. "आज तिसरी पोटात गेली असती तर मी तुमच्याशी इतक्या शांतपणे बोलत नसते."

"माझंही चुकलं," सून म्हणाली. "चोरून द्यायला नको होती."

कुलूपराव बायकोवर उखडले. "आणि तू? दोन-दोन गिळत होतीस. विचारता येत नव्हतं?"

"कुणाला विचारू?" ती पडल्या पडल्या म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण राग त्यात मावत नव्हता. "साबणाचं विचारलं तरी घर डोक्यावर घेता. त्यापेक्षा गिळलेलं परवडतं."

कुलूपरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ती तिसरी गोळी त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

"तुम्ही या इकडे," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांच्याच दंडाला पट्टा बांधला. आकडा बघून त्यांनी भुवया उंचावल्या, अर्ध्या तासाने पुन्हा मोजलं, मग चार दिवस रोज बोलावलं. आकडा हटेना. शेवटी त्यांच्याही नावाने गोळ्यांची चिठ्ठी लिहिली.

घरी येऊन कुलूपरावांनी चष्मा लावून स्वतःच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली. तेच औषध! त्यांचा चेहरा उजळला. "अगं, मग आपला तो जुना माल..."

"दवाखान्यात जमा केला," बायको म्हणाली. आता ती ठणठणीत होती. "माझ्या गोळ्या माझ्या, तुमच्या तुमच्या." तिने नवीन पाकीट घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत फोडलं. "तोंड उघडा."

त्यांनी उघडलं. मग काहीतरी आठवून मिटलं. बराच वेळ चुळबुळ केली आणि हळूच, घरात कुणी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात विचारलं, "जेवणाआधी घ्यायची की नंतर?"

"चिठ्ठीवर लिहिलंय," ती म्हणाली. "वाचा."