अकरा दिवसांची गुहा

"डोंगर? अहो वकीलसाहेब, त्या डोंगराचा दगड न् दगड मला नावानं ओळखतो!" एकनाथरावांनी छातीवर हात मारला आणि तिथेच ते फसले.

त्याचं असं झालं. पोलीस ॲक्शन झाली, निजामशाही गेली, आणि हैदराबादेत इतके देशभक्त उगवले की आधीच एवढे असते तर फौज आणायचं कामच पडलं नसतं! कालपर्यंत रूमी टोपी घालून अंमलदारापुढे कमरेत वाकणारे कारकून आज पांढरी टोपी घालून काठीसारखे ताठ! एकनाथराव त्यातलेच. जुन्या अंमलदाराचा पानाचा डबा त्यांनी सात वर्षं सांभाळला होता. म्हणूनच नोकरीवरून काढायच्या यादीत त्यांचं नाव वरून तिसरं होतं. वाचायचा उपाय एकच, देशसेवेचा दाखला. त्यांनी अर्ज ठोकून दिला, 'निजामाच्या पोलिसांना चुकवून मंगळपेठेच्या डोंगरात अकरा दिवस गुहेत लपून होतो.'

"गुहेत?" त्यांची बायको भामा कडाडली. "इथं मलकपेठेत पलंगाखाली होतात! ताट मी पायानं आत सरकवत होते!"

"हळू बोल! पलंग काय साक्ष द्यायला जातोय?"

पलंग गेला नाही. पण दाखल्याच्या कमिटीवरचे मुकुंदराव वकील भलतेच चौकस निघाले. "रविवारी सोबत या. जागा डोळ्यांनी बघू," म्हणाले. एकनाथरावांनी छातीवर हात मारला तो तेव्हा.

रविवारी गौलीगुड्याहून मोटारीनं दोघं मंगळपेठेला उतरले. आठवडी बाजार ओलांडला की डोंगर. सीताफळीची रानं, हत्ती बसल्यासारखे काळे दगड, खाली तळं. वकीलसाहेब खुशीत. "काय हवा आहे!" एकनाथरावांना मात्र त्यातली घोटभरही मिळेना. लोहाराच्या भात्यासारखी छाती वाजत होती.

पहिली वाट काटेरी झुडपात जाऊन संपली. दुसरी वाट वळसे घेत घेत खाली उतरली ती थेट बाजारात, कासाराच्या दुकानापुढे!

"अकरा दिवस राहिलात, आणि वाट ठाऊक नाही?" वकील थांबले.

"अंधारात फिरायचो ना साहेब! उजेडात हा डोंगर ओळखूच येत नाही!"

तिसऱ्या वाटेनं अर्ध्यावर पोचल्यावर एकनाथराव दम खायला टेकले. टेकले ते निवडुंगावर! अशी आरोळी ठोकली की समोरच्या कपारीतून दोन शेळ्या बाहेर उधळल्या आणि मागून हातात काठी घेतलेली म्हातारी आली. मालनबाई. बिदरकडून येऊन जन्मभर याच डोंगरावर शेळ्या राखलेली.

बुडात काटे होते, तरी एकनाथरावांनी संधी साधली. वकिलांकडे पाठ करून डोळा मिचकावत म्हणाले, "काय आजी! ओळखलंत ना मला?"

"वळखलं की! अर्जवाले न्हवं का?"

एकनाथरावांचा मिचकावलेला डोळा तसाच मिटून राहिला.

"तुमाला कंची गुहा दाऊ?" म्हातारी सुरूच. "हीत आजवर सतरा जण लपून गेलेत. आत माझ्या दोन शेळ्या मावत्यात, तिसरीचं शेपूट भाईर ऱ्हातंय! पलीकडं एक हाय, तीत नऊच झालेत."

"आजी, अहो काय बोलता!"

"खरं त्ये बोलते. लपला व्हता एकच. बाजारातल्या साळंचा मास्तर. मी भाकर न्यायची त्याला. एक दिस त्याला धरून नेला. त्यो काय अजून अर्ज कराया आला न्हाई."

एक शेळी शिंकली.

मुकुंदरावांनी चष्मा पुसला. एकनाथरावांना त्या चष्म्यात आपली गेलेली नोकरी लखलखीत दिसली.

"एकनाथराव, तुम्ही व्हा पुढे," वकील म्हणाले. "मी आलोच."

एकनाथराव फेंगडत दहा पावलं गेले आणि दगडाआड उभे राहिले. मागून वकीलसाहेबांचा आवाज आला, कोर्टात कधीच निघाला नसेल इतका मऊ.

"आजी, ती नऊवाली... जरा ऐसपैस आहे का? त्याचं काय, आम्ही दोघे होतो असं मी माझ्या अर्जात लिहून बसलोय. दुसरा अजून मिळाला नाही."

"मग त्ये फेंगडं चाललंय की! त्यालाच घ्या!"

पंधरा दिवसांत दोघांना दाखले मिळाले. याच्या अर्जावर साक्षीदार तो, त्याच्या अर्जावर हा. मास्तराचं नाव काय, हे विचारायचं मात्र दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

एकनाथरावांनी दाखला भिंतीवर लावला आणि पलंगावर पालथे पडले. काटे अजून निघत होते. भामानं चिमटा बाजूला ठेवून दाखला दोनदा वाचला.

"म्हणजे," ती म्हणाली, "वकीलसाहेबसुद्धा पलंगाखालीच होते होय!"