दूरशिक्षण यंत्रनिवड समितीचा चहा

शिक्षण ही पवित्र गोष्ट आहे आणि पवित्र गोष्टीपासून माणसानं थोडं लांबच राहावं. दूरशिक्षणाचा उगम यातच आहे.

१९९७ साली कुंडलजवळच्या एका वाडीतल्या शाळेत गणित शिकवायला कुणी उरलं नाही. इस्लामपूरचे शेवाळे सर तयार होते, पण एस.टी.त त्यांना मळमळायचं (डॉक्टरचा दाखला जोडला आहे). सरांनी घरूनच शिकवावं असं ठरलं आणि त्यासाठी यंत्र निवडायला समिती नेमली गेली. समितीत गणिताचा तज्ज्ञ हवाच, म्हणून शेवाळे सरांना घेतलं. ते दर शनिवारी पहिल्या एस.टी.नं वाडीच्या शाळेत बैठकीला हजर होत. (बैठकीला येताना मळमळत नसे.)

हे फक्त शिपाई बनाबाईच्या ध्यानात आलं. तिची नात पिंकी दहावीत होती. गणित सुटलं तर साताऱ्याला नर्सिंग, नाही सुटलं तर मामाचा पोरगा, असं घरात ठरलेलं.

"आवं सर, आलाच हाय तर पोरीस्नी दोन गणितं सांगा की."

"बनाबाई, असं समोरासमोर शिकवलं तर समितीला अर्थ काय राहिला?" सर कळवळून म्हणाले.

बनाबाईला ते पटलं. ती चहा ठेवायला गेली.

समितीनं चार साधनं तपासली. देवळाचा भोंगा (आवाज उत्तम, पण सगळं गाव पास होण्याचा धोका). एस.टी.डी. बूथचा फोन (एका वेळी एकच कान). खडू-फळा (शंभरपैकी चौऱ्याण्णव गुण, मात्र शिक्षक आणि विद्यार्थी एकाच खोलीत येतात, सबब बाद). आणि दूरचित्रसंवाद संच, म्हणजे दोन टीव्ही, दोन कॅमेरे आणि लांबलचक वायर.

संचाच्या चाचणीला सर ऑफिसात बसले, पोरी शेजारच्या वर्गात. समितीतल्या बिराप्पांनी, म्हणजे लष्कराच्या सिग्नल विभागातल्या निवृत्त हवालदारांनी, बटण दाबलं आणि गावातली लाईट गेली.

"ऐकू येतंय का?" सर ओरडले.

"व्हय सर," भिंतीपलीकडून पोरी.

बिराप्पांनी नोंद केली: वीज नसतानाही आवाज स्पष्ट. संच एकमतानं मंजूर झाला आणि खोक्यात परत गेला. उद्घाटन कुणी करावं यावर पुढच्या सोळा बैठका झाल्या.

इकडं चहाची पद्धत बदलली होती. कप पिंकी आणायची, पण सरांच्या हातात द्यायची नाही.

"दूध तापतंय सर. तवर एवढं बघा," म्हणून बनाबाई वही सरकवायची. चहाशिवाय सरांना मत मांडता येत नसे. चहाला दोन गणितं, बिस्किटाला एक प्रमेय, असा दर पडला. दिवाळीपर्यंत समितीच्या चहाला दहावीच्या चौदाच्या चौदा पोरी लागू लागल्या. एकीकडं कप, दुसरीकडं बशी, तिसरीकडं गाळणी, बाकीच्यांकडं वह्या.

"एवढ्या पोरी कशाला?" अध्यक्षांनी विचारलं.

"समितीचा चहा हाय साहेब. लय बारीक काम असतंय."

जूनमध्ये निकाल लागला. चौदाही पास. पिंकी साताऱ्याला गेली. मामाच्या पोराला दुसरीकडं बघायला सांगितलं. समितीच्या अहवालात 'संचामुळे निकाल शंभर टक्के' असं छापून आलं, ते वाचून आणखी चाळीस शाळांनी तोच संच मागवला. वाडीचा संच अजून कपाटात आहे, खोक्यावर पिंकीनं भरलेला रुमाल.

वाचताना हसू आलं असेल, तर आपल्या गावच्या शाळेचं कपाट एकदा उघडून बघावं. किल्ली कुणाकडं आहे हे ठाऊक नसेल, तर एक समिती नेमावी. चहाचं तेवढं आधी बघावं.