पाचव्या पेल्यापर्यंत

"पातूरची लेणी एकदा पाहून यायला हवीत," असे कमलाकांत बुधवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, तेव्हा रमाबाईंनी लेण्यांविषयी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी एवढेच विचारले, "सांबार किती जुड्या आणू?"

अमरावतीत कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि तिचे सारण भरून तळलेली सांबारवडी लेण्यांना आवडते असे कोणी ऐकलेले नाही. ती सौमित्रला आवडत असे. सौमित्र हा या दांपत्याचा एकुलता एक मुलगा. तो पातूरच्या पलीकडे, माळावर नव्याने लावलेल्या द्राक्षमळ्यातल्या वाइनच्या कारखान्यात नोकरीला होता, आणि त्याने घरात पाऊल टाकल्याला चौदा महिने झाले होते. कमलाकांतांनी वर्तमानपत्र उघडले, त्यातले एक पान पुष्कळ वेळ वाचले आणि पानाआडूनच म्हणाले, "चार आणा."

छत्तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या कमलाकांतांचा असा सिद्धांत होता, की विधान एकदा केले की त्याच्या सर्व निष्पत्ती स्वीकारल्याच पाहिजेत. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेला मुलगा प्राध्यापक व्हायचा सोडून मद्य गाळायला निघाला, तेव्हा त्यांनी अंबापेठेतल्या घराच्या पुढच्या दाराकडे बोट दाखवून असे विधान केले होते: "ज्याच्या तोंडाला दारू लागली, तो हा उंबरठा ओलांडणार नाही." सौमित्रने नम्रपणे सांगितले, की चव पाहणे हा कामाचाच भाग आहे, पण वाइन तोंडात घेऊन थुंकून टाकायची असते, पोटात जात नाही. तोंड आणि घसा यांत नियमाच्या दृष्टीने काही भेद नाही, असे कमलाकांतांनी तीन मुद्द्यांनी सिद्ध केले. वादात ते जिंकले. सौमित्र हट्टात बापावरच गेला असल्यामुळे त्याने पराभव तंतोतंत पाळला.

दिवाळीचा फराळ एसटीच्या कंडक्टरजवळ देऊन पाठवावा लागला. मागच्या दारात, वॉशिंग मशीन आत घेताना उंबरठा काढून टाकला होता तिथे, फरशीवर बसून रमाबाई रोज मुलाशी फोनवर बोलत, आणि त्या वेळी पुढच्या खोलीत वर्तमानपत्राची पाने उलटण्याचा आवाज थांबत असे. एकटीने जाऊन त्याला भेटायला त्या तयार नव्हत्या. "गेले तर दोघं जाऊ," असे त्या म्हणत, आणि ते दोघं कधी जाणार हे विचारण्याचे त्यांनी सोडून दिले होते.

तर बुधवारी लेण्यांचा विषय निघाला आणि शनिवारी दोघे अकोल्यावरून एसटी बदलून पातूरला उतरले. लेण्यांत कमलाकांतांनी अकरा मिनिटे काढली. बाहेर आल्यावर रिक्षावाले जानराव म्हणाले, "लेनी पाहून झाली का मंग अंगुराच्या वावरातच जातेत सारे. नेऊ का?" त्यावर कमलाकांतांनी, रस्ता तिकडूनच जात असेल तर आपली हरकत नाही, असे सांगितले. रस्ता तिकडून जात नव्हता. रिक्षात त्यांनी पत्नीला अट घातली, की दुरून पाहायचे. हाक मारायची नाही. रमाबाईंनी मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी धरला आणि मान हलवली.

माघाचे ऊन होते. मळ्यात तोडणी चालू होती, आणि माळावरून आंबूस गोड वास येत होता. काळ्याभोर घडांच्या रांगांतून दोघे चालत गेले खरे, पण द्राक्षांकडे दोघांचेही लक्ष नव्हते. तोडणाऱ्यांपैकी प्रत्येक उंच मुलाकडे रमाबाई पाहत होत्या, आणि रमाबाई कोणाकडे पाहतात तिकडे कमलाकांत पाहत होते.

सौमित्र मळ्यात नव्हता. तो दिसला तो चव घेण्याच्या दालनातून. त्या दालनाची एक भिंत सबंध काचेची होती, आणि काचेपलीकडे, खाली, पोलादी टाक्यांच्या ओळीत पांढरा कोट घातलेला सौमित्र वहीत काही लिहीत उभा होता. त्याने दाढी ठेवली होती. तो वाळला होता. रमाबाई काचेपाशी गेल्या आणि तिथेच थांबल्या.

पाहुण्यांची व्यवस्था पाहणारी वर्षाली नावाची मुलगी लगबगीने आली. तिचा घोळका आठ जणांचा होता आणि दालनातला प्रत्येक जण पेले घेऊन बसला होता. "काकाजी, इथं नुसतं उभं राहता येत नाही," ती म्हणाली. "एक जण चाखून राहिला असन, तर सोबतचं माणूस थांबू शकते. नाही तर बाहेर लिंबाखाली बसा तुमी."

कमलाकांतांनी पत्नीच्या पाठीकडे पाहिले. तिने काचेला कपाळ टेकवले होते. त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "मी चाखतो."

त्यांच्यापुढे पाच पेले मांडण्यात आले. प्रत्येकात दोन घोट. वर्षालीने रीत समजावली: "तोंडात घोळवा, वास घ्या, अन् मंग ह्या बकेटीत टाकून द्या. गिळाचं काम नाही." तोंड आणि घसा यांतला जो भेद चौदा महिन्यांपूर्वी त्यांनी स्वतःच खोडून काढला होता, तो कमलाकांतांनी मनातल्या मनात, तात्पुरता, पुन्हा उभा केला. पहिला पेला तोंडात रिता केला. आणि मग त्यांच्या लक्षात आले, की चारचौघांत, बायकांसमोर, पाहुणा म्हणून गेलेल्या जागी दिलेली वस्तू तोंडातून बादलीत टाकणे आपल्याला या जन्मी जमणार नाही. पानात पडलेले मिरचीचे देठसुद्धा ज्यांनी कधी मागे ठेवले नव्हते, त्यांना हे जड होते. तेव्हा बाहेर मोरीपर्यंत तोंड मिटून जावे, असे ठरवून ते उठले.

"काकाजी, कशाचा वास येऊन राहिला?" वर्षालीने विचारले.

प्रश्न विचारला गेला आणि उत्तर दिले नाही, असे छत्तीस वर्षांत एकदाही घडले नव्हते. कमलाकांतांनी गिळले. "कच्च्या पेरूचा," ते म्हणाले, आणि उत्तर बरोबर निघाल्यामुळे खाली बसले.

दुसरा पेला तोंडात असताना शेजारचे हॅट घातलेले नागपूरकर गृहस्थ सर्वांना सांगू लागले, की द्राक्षाचे पेय हे सगळे अंग्रेजांनी आणले, आपल्या लोकांना काय ठाऊक होते. कमलाकांतांनी बादलीकडे पाहिले, मोरीकडे पाहिले. तेवढ्या वेळात विधान सर्वमान्य होण्याचा धोका होता. त्यांनी गिळले आणि विचारले, "द्राक्षासव काय साहेबाने आणला?" तिसऱ्या पेल्याच्या वेळी तेच गृहस्थ म्हणाले, की पातूरची लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली. हे ऐकून घेणे तर अशक्यच होते. भारतभर जिथे खडक दिसेल तिथे रात्रपाळी करण्याखेरीज पांडवांना दुसरा उद्योग नव्हता काय, याचे विवेचन कमलाकांतांनी उभे राहून केले, आणि बसताना खुर्ची होती त्याहून किंचित डावीकडे आहे असे त्यांना वाटले.

चौथ्या पेल्याच्या वेळी हॅटवाले नमून म्हणाले, "काकाजी म्हणतात ते एकदम बराबर आहे." कमलाकांतांना पूर्ण सहमतीची सवय नव्हती. तोंडातले चटकन गिळून, आपल्या म्हणण्यातही दोन उणिवा कशा आहेत, हे त्यांनी हॅटवाल्यांना पटवून दिले.

या सर्व काळात त्यांचा एक डोळा काचेवर होता. सौमित्र एका टाकीची तोटी उघडी, पेल्यात थोडे घेई, उजेडाला धरी, तोंडात घोळवी, आणि वाकून जमिनीतल्या नाल्यात थुंकी. मग वहीत लिही आणि पुढच्या टाकीकडे जाई. लिहिताना जीभ दातांत धरण्याची त्याची लहानपणची खोड तशीच होती. त्याने एकदाही वर पाहिले नाही. रमाबाईंनी एकदाही हाक मारली नाही. त्यांच्या श्वासाने काचेवर धुके धरी आणि त्या पदराने ते पुसून घेत.

कमलाकांतांनी पाचवा पेला तोंडाला लावला. तो शेवटचा होता. तो रिता झाला की खुर्ची दुसऱ्या घोळक्याला द्यायची होती, म्हणून त्यांनी घोट तोंडात तसाच धरून ठेवला. या खेपेला जगातले कोणतेही चुकीचे विधान आपण खोडणार नाही, असा त्यांचा निश्चय होता. हॅटवाले त्यांच्या बाजूला झुकले आणि काचेकडे बोट दाखवून मोकळेपणाने हसले.

"मजा आहे बुवा त्या पोट्ट्याची. दिवसभर फुकटची पिऊन राहिला."

कमलाकांतांनी गिळले.

"तो पीत नाही," ते म्हणाले. आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा होता. "थुंकतो. मी मघापासून मोजतो आहे. एकोणीस वेळा तोंडात घेतले, एकोणीस वेळा टाकले. एक थेंब घशाखाली गेलेला नाही. तोंड वेगळे आणि घसा वेगळा. ज्याला हा भेद कळत नाही, त्याने बोलू नये." मग थोडे थांबून, बऱ्याच हळू, "तो माझा मुलगा आहे."

एवढे बोलून ते काचेपाशी गेले आणि रमाबाईंना घातलेली अट विसरून त्यांनी दोन्ही हातांनी काच वाजवली. सौमित्रने वर पाहिले. त्याच्या हातातली वही नाल्यात पडली.

जिना चढून आल्यावर तो आधी आईच्या आणि मग वडिलांच्या पाया पडला, आणि वर उठताना क्षणभर तिथेच थबकला. चौदा महिन्यांत त्याचे नाक या कामात फार तयार झाले होते. "बाबा," तो म्हणाला, "पाचही?"

"चर्चा चालू होती," कमलाकांत म्हणाले.

तोडणीच्या दिवसांत सुटी मिळणे कठीण होते, पण अशा अवस्थेत वडिलांना एसटीने पाठवणे त्याहून कठीण होते. सकाळी सातला परत येण्याच्या बोलीवर सौमित्रने गाडी काढली. रमाबाईंनी डबा उघडला नाही. तो घरी खाईल, त्या म्हणाल्या, आणि झाकण आणखी घट्ट दाबले. मूर्तिजापूर आल्यावर कमलाकांतांनी वेळेवर जेवतोस का, असे विचारले. सौमित्रने हो म्हटले. बडनेरा येईपर्यंत त्यांनी तोच प्रश्न आणखी सहा वेळा विचारला, आणि सौमित्रने सहाही वेळा पहिल्यांदाच विचारल्यासारखे उत्तर दिले.

दिवेलागणीला गाडी दारात थांबली. रमाबाई कुलूप काढून आत गेल्या आणि दिवा लावून वळल्या, तो दोघेही पुरुष बाहेर. सौमित्र पायरीखाली उभा होता. त्याचे कारण जुने होते. कमलाकांत पायरीवर होते. त्यांनी चपला काढल्या होत्या, एक पाय उचलला होता आणि तो उंबरठ्यावर तसाच धरला होता.

"आता हे काय नवीन?" रमाबाई म्हणाल्या.

"नवीन नाही," कमलाकांत म्हणाले, आणि पाय जपून मागे घेतला. "ज्याच्या तोंडाला लागली, तो हा उंबरठा ओलांडणार नाही. विधान सर्वांना सारखे आहे. मला अपवाद लिहिलेला नाही."

रमाबाईंनी काही क्षण दोघांकडे पाहिले. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. गॅस पेटला, आणि गार झालेल्या वड्या पुन्हा तेलात सोडल्याचा आवाज आला. बाप आणि मुलगा पायरीवर शेजारी शेजारी बसले. वास बाहेर आला. सौमित्रने मान दुसरीकडे वळवली. कमलाकांतांनी उंबरठ्याकडे फार बारकाईने पाहायला सुरुवात केली, जसे ते पूर्वी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेकडे, मुलाला एक गुण तरी कुठे देता येईल का म्हणून, पाहत असत.

"मी 'हा उंबरठा' म्हटले होते," ते अखेर म्हणाले. "बोट दाखवून."

"हो, बाबा."

"मागच्या दाराला उंबरठा नाही. मशीन आत घेताना काढला." ते उठले, झोक गेला, आणि सौमित्रने धरलेला दंड त्यांनी सोडवून घेतला नाही. दोघे घराच्या बाजूच्या बोळातून, भिंतीला हात लावत, मागे गेले.

रमाबाई मागच्या दारात ताटली घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी मुलाला आत घेतले, त्याच्या हातात ताटली दिली, तो पहिली वडी तोंडात घालीपर्यंत त्याच्याकडे पाहिले, आणि मग नवऱ्याकडे वळल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच होता.

"हे दार चौदा महिने इथंच होतं. तेव्हा काहून नाही सुचलं तुम्हाला?"

कमलाकांतांनी प्रश्नाचा नीट विचार केला.

"तेव्हा मी आत होतो," ते म्हणाले.